सगळ्यांना एक कॉपी

"अहो बाई, मी रक्त द्यायला आलोय, देह ठेवायला नाही!"

मुलुंडच्या त्या लॅबच्या काउंटरवर एक आजोबा ओरडत होते. रात्रीपासून उपाशी, त्यात चहाची तल्लफ. डोळ्यांत असा जाळ की काउंटरवरची प्लास्टिकची फुलं कोमेजावीत. मागे सगळी रांग तशीच, उपाशीपोटी साखर तपासायला आलेली. लग्नात पंगत उठायला उशीर झाला की दुसऱ्या पंगतीचे लोक खुर्चीमागे येऊन उभे राहतात ना, तेच चेहरे. फरक एवढाच की इथे शेवटी जिलबी नाही, सुई.

काउंटरमागच्या ताई मला बघताच उसळल्या. आजोबांवर नाही, माझ्यावर.

"आलास? ये, बघ तुझे प्रताप! मी बटण दाबलं की तुझं सॉफ्टवेअर भोवरा फिरवत बसतं. आणि शिव्या कोण खातं? सकाळपासून नाश्त्याला मी तेवढंच खाल्लंय!"

ताईंचं खरं होतं. त्यांनी पेशंटचं नाव टाकून बटण दाबलं की नळीवर चिकटवायचं स्टिकर छापून यायला हवं. मधे आमचं सॉफ्टवेअर. ते म्हणजे निरोप्या: काउंटरचा निरोप तपासणीच्या मशीनला सांगायचा, बिलाला सांगायचा आणि परत येऊन काउंटरला म्हणायचं, 'झालं, छापा स्टिकर.' एवढंच काम. पण स्क्रीनवर ते गोल चक्र असं फिरत राहायचं की त्याला जातं जोडलं असतं तर मुलुंड ते भांडुप प्रत्येक घरची भाजणी दळून झाली असती. मी तिथे उभा असताना एका बाईंनी स्वेटर विणायला घेतला आणि स्टिकर आलं तेव्हा एक बाही तयार होती. खोटं वाटत असेल तर वाटू दे, मी बाही पाहिली आहे.

लॅबच्या मॅनेजरसाहेबांचं निदान मात्र कधीच झालं होतं. केबिनमध्ये मला बसवून ते हळू आवाजात म्हणाले, "सॉफ्टवेअर-बिफ्टवेअर काही नाही हो. बाई स्लो आहे. सोमवारपासून वाकोल्याच्या ब्रँचला पाठवतोय तिला. आत बसून खोके बांधेल."

वाकोला म्हणजे काही लंका नव्हे. पण ताईंचं घर लॅबच्या मागच्या गल्लीत आणि घरात अंथरुणाला खिळलेली सासू. दुपारच्या सुट्टीत ताई पळत जाऊन तिला भरवायच्या, कूस बदलून द्यायच्या आणि पळत परत यायच्या. वाकोल्याहून हे कसं जमणार? म्हणजे बदली नव्हे, नोकरी सोडायचीच सोय. साहेबांना हे माहीत होतं. ते बिस्किट चहात बुडवत होते. बिस्किट तुटून तळाशी गेलं, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जेवढं दुःख दिसलं तेवढं या सगळ्या प्रकरणात पुन्हा कधी दिसलं नाही.

मी येण्याआधी बरेच धन्वंतरी येऊन गेले होते. इंटरनेटवाल्याने वायर बदलली. सर्व्हरवाल्याने मेमरी वाढवली. आमच्याच पवईच्या ऑफिसातल्या एका शहाण्याने एसी वाढवायला सांगितला. त्याने सर्व्हर होता तसाच राहिला, ताईंना सर्दी झाली. आणि दर भेटीनंतर स्टिकर आणखी उशिरा यायला लागलं. कुणाला याचं नवल वाटलं नाही. उलट मीटिंगा वाढल्या.

सर्व्हर होता आतल्या खोलीत, लघवीच्या नमुन्यांच्या कपाटाशेजारी. त्याच्या डोक्यावर साबुदाण्याच्या खिचडीची अर्धी खाल्लेली प्लेट आणि त्यात मुंग्यांची वारसाहक्काने चाललेली वसाहत. वास असा की नाकाने राजीनामा द्यावा. मी नाकाला रुमाल बांधला, ताईंना म्हटलं, "आता एकच पेशंट टाका, मग थांबा," आणि तो एक निरोप आत कुठे कुठे हिंडतो ते बघत बसलो.

मशीनकडे गेला, पापणी लवायच्या आत परत. बिलाकडे गेला, तसाच परत. म्हणजे कामाची दोन्ही कामं ताईंचं बोट बटणावरून उठायच्या आत झाली होती. आता काउंटरला 'झालं' म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. पण नाही! निरोप्या मेल वाटत निघाला. एक कॉपी मॅनेजरसाहेबांना. एक हेड ऑफिसला. एक इंटरनेटवाल्याला, एक सर्व्हरवाल्याला, एक त्या एसीवाल्या शहाण्याला, एक आमच्या पवईच्या साहेबांना. लग्नाच्या पत्रिका वाटाव्यात तसा दारोदार. प्रत्येक दारात थांबायचं, 'मिळालं' ऐकायचं, मग पुढचं दार. सगळी दारं झाल्याशिवाय काउंटरला उत्तर नाही.

येणारा प्रत्येक धन्वंतरी जाताना हेच करून गेला होता. 'उशीर का होतो ते बघायचंय, प्रत्येक निरोपाची एक कॉपी मलाही येऊ दे.' उशीर शोधायला जो आला, तो रांगेत आपलं दार वाढवून गेला.

आणि सगळ्यात शेवटचं दार तर बंद होतं. मागचे मॅनेजर. केव्हाच निवृत्त होऊन गावी आंब्याची कलमं लावतायत. त्यांचा मेल बंद. आमचा निरोप्या तिथे कडी वाजवायचा, थांबायचा, पुन्हा वाजवायचा, पुन्हा थांबायचा आणि शेवटी कंटाळून परत यायचा. मग कुठे ताईंना स्टिकर. आजोबा तिकडे अर्धे वाळले.

मी केबिनमध्ये गेलो. "साहेब, मागच्या साहेबांचं नाव अजून कशाला ठेवलंय?"

"त्यांनीच तर लॅब उभी केली. नाव काढायचं? बरं दिसत नाही."

"त्यांचा मेल बंद आहे."

"असू दे ना. मान असतो एकेकाचा."

"आणि तुम्हाला येणाऱ्या कॉप्या? वाचता?"

त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली, अभिमानाने. सगळ्या कॉप्या आपोआप एका फोल्डरमध्ये पडत होत्या. एकही उघडलेली नव्हती. फोल्डरचं नाव होतं 'नंतर बघू'. शपथेवर सांगतो, मला त्या मुंग्यांच्या प्लेटचीही एवढी किळस आली नव्हती.

पवईला फोन लावला. आमचे साहेब म्हणाले, "ए बाबा, कुणाची कॉपी काढू नकोस हां. क्लायंट दुखावतो. आणि माझी तर नकोच काढू."

"तुम्ही वाचता, सर?"

"वाचायची कशाला? असावी."

थुंकायची जागा शोधत होतो, पण लॅबमध्ये त्यासाठीही आधी नाव नोंदवून डबी घ्यावी लागते. मग मी कुणाचीच कॉपी काढली नाही. नुसता क्रम फिरवला. आधी ताईंना उत्तर, मग फावल्या वेळात साहेब लोकांना प्रसाद. निवृत्त साहेबांचं दार वाजवा हवं तेवढं, सावकाश.

बाहेर येऊन म्हटलं, "ताई, टाका पुढचा पेशंट."

त्यांनी बटण दाबलं. स्टिकर असं सटकन बाहेर आलं की ताई खुर्चीसकट मागे सरकल्या. "अगो बाय माझे!" त्या म्हणाल्या आणि पुढचं टाकलं. सट. त्याच्या पुढचं. सट. रांग अशी वितळली की स्वेटरवाल्या बाईंना दुसरी बाही अर्धीच ठेवून उठावं लागलं. दंडाला कापूस लावून परतणारे आजोबा म्हणाले, "आज काय, मशीनला कुणी चहा पाजला का?" ताई हसल्या. बऱ्याच दिवसांनी हसल्या असाव्यात, कारण हसून झाल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "साहेबांना तू सांगशील ना रे? मी सांगितलं तर त्यांना पटायचं नाही. तू इंजिनिअर आहेस."

सांगितलं. केबिनचं दार उघडं ठेवून, ताईंना ऐकू जाईल अशा आवाजात. निरोप कुठे अडकत होता, कुणामुळे अडकत होता, स्टिकर आता कसं येतंय. बाईंचा हात कधीच स्लो नव्हता, हे तर दोनदा.

साहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं. मानही डोलावली. "चांगलं काम केलंत," म्हणाले.

"मग वाकोला रद्द ना?"

त्यांनी नवं बिस्किट काढलं.

"कालच मेल गेला तिच्या बदलीचा. सगळ्यांना कॉपी आहे. आता मागे घेणं बरं दिसत नाही."