गाडी हलणार नाही

शहापूरचा परसराम रामटेके आधी धानाचे ट्रक चालवायचा. आता तो मोहाडीला अँब्युलन्सवर आहे. कागदावर त्याचा हुद्दा ‘पायलट’, आणि त्याची बायको तुळसा त्यावरून त्याला अजूनही चिडवते. हे काम मात्र त्याने हौसेने घेतलं नव्हतं.

आठ वर्षांपूर्वी त्याचा थोरला भाऊ अंकुश धानाच्या बांधीत चिखलणी करता करता कोसळला. परसरामने त्याला जीपमध्ये घातलं आणि भंडाऱ्यापर्यंत ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला नाही. अंकुश वाचला नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "वाटेत कोणी छाती दाबली का?" मागे तिघं बसले होते. तिघंही अंकुशचे तळपाय चोळत होते.

त्या प्रश्नाने त्याला झोपू दिलं नाही. ट्रक सोडून तो अँब्युलन्सवर लागला. प्रशिक्षणात बाकीचे ड्रायव्हर चहाला गेले तरी हा रबरी पुतळ्याची छाती दाबत बसायचा, पार मनगटं भरून येईपर्यंत.

मार्चमधली दुपार. एका पडलेल्या मजुराची मलमपट्टी करून गाडी आंधळगावहून निघाली होती. शेजारी डॉक्टर रुचिता, आसगावची, नोकरीचं दुसरंच वर्ष. इतक्यात आंधळगावातूनच फोन आला. नातवाच्या जावळाचं जेवण चालू होतं, आणि भय्याजी नावाच्या म्हाताऱ्याच्या गळ्यात घास अडकला होता. फोनवर त्यांची सून होती, रिता.

परसरामने गाडी वळवली. रुचिताने विचारलं, "खोकता येते का त्यांना?"

"नाही जी, आवाजच निघून नाही राहिला!"

"पुढे वाकवा. दोन्ही खांद्यांच्या मधात तळहाताने पाच धपके मारा, जोरात. नाहीच निघालं तर मागून धरा, बेंबीच्या वर मूठ ठेवा आणि आत-वर पाच झटके द्या. पुन्हा धपके. थांबू नका."

रिता थांबली नाही. पण गाडी मांडवाशी लागली आणि तेवढ्यात भय्याजींची मान कलली. ओठ निळे पडले होते. मुलगा राजकुमार आणि चार-पाच जणांनी त्यांना उचलून गाडीकडे धाव घेतली.

"चालू करा गाडी! भंडाऱ्याले घ्या!"

परसरामने किल्ली काढली आणि खिशात टाकली.

"गाडी हलणार नाही. त्याईले खाली ठेवा."

"काहून? पागल झाले का तुम्ही?"

"भंडारा लांब आहे, भाऊ. त्याईच्यापाशी तेवढा वेळ नाही."

त्याच्या आवाजात असं काही होतं की लोकांनी भय्याजींना सतरंजीवर ठेवलं. रुचिताने मानेशी बोटं लावली. नाडी नव्हती, श्वासही नव्हता. परसरामने गुडघे टेकले आणि छातीच्या मधोमध तळहात रोवून मोजायला सुरुवात केली. तीस झाल्यावर रुचिताने तोंडावर मास्क धरून त्याला जोडलेला हवेचा रबरी फुगा दाबला. छाती वर आली नाही. मान नीट करून पुन्हा दाबला, तरी नाही.

"अजून अडकून आहे. तुम्ही दाबत राहा."

पुढचे तीस झाले. तिने टोकाला दिवा असलेली पट्टी तोंडात घालून जीभ बाजूला केली, लांब चिमटा आत नेला आणि मटणाचा एक चिवट तुकडा बाहेर काढला. आता फुगा दाबताच छाती उचलली. तिने हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या मशीनच्या पट्ट्या छातीवर चिकटवल्या, पण झटका देऊ नका, असं मशीनने सांगितलं. म्हणजे हातांवाचून इलाज नव्हता.

तळहाताखाली कट्कन आवाज झाला. राजकुमार ओरडला, "बाप मरून राहिला अन् तुम्ही हाडं तोडून राहिले!"

"हाड जुळते, भाऊ," परसराम म्हणाला. त्याचा घाम भय्याजींच्या सदऱ्यावर टपकत होता, पण हात थांबले नाहीत.

दोन मिनिटांनी रुचिता छातीशी आली, त्याने फुगा धरला. मग पुन्हा अदलाबदल. भय्याजींची बायको शकुंतलाबाई नवऱ्याच्या पायाशी बसून मोजणाऱ्यांबरोबर आकडे पुटपुटत होती. चौथ्या फेरीनंतर रुचिताने मानेला हात लावला, तो तिथेच ठेवला.

"परसरामभाऊ, नाडी लागते आहे."

आता त्याने किल्ली बाहेर काढली.

अशा सगळ्याच गोष्टींचा शेवट असा होत नाही. परसरामने आजवर ज्यांच्या छातीवर हात ठेवले त्यातले बहुतेक परत आले नाहीत, आणि ते तो लपवत नाही. भय्याजी मात्र सतरा दिवसांनी घरी आले, आवाज जरा घोगरा आणि बरगडी दुखरी घेऊन.

पुढच्याच महिन्यात रिताने बचत गटाच्या बायकांना समाजमंदिरात गोळा केलं आणि परसरामला बोलावलं. रुचिताने पुतळा मिळवून दिला. पहिल्या रांगेत राजकुमार बसला होता. त्याचा हात पुतळ्यावर हळूच पडला, तसा परसराम म्हणाला, "आणखी जोरात, भाऊ. पुरे दोन इंच."

खुर्चीवर बसलेले भय्याजी बरगडीवर हात धरून हसले. "दाब ना बे," ते मुलाला म्हणाले, "मी सांगतो, थोडं दुखते, बाकी काही होत नाही."