सायकलवरून आलेली ज्योत

डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली होती आणि आमचे हे जायला तयार नव्हते. हृदयाच्या नळ्या तुंबलेल्या, मिरजेच्या दवाखान्यात बायपास ठरलेलं. पहिली तारीख ह्यांनी तापाचं निमित्त करून चुकवली. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "ताई, आता मागं-पुढं करू नका. आज माणूस चालताबोलता आहे, उद्याचं मला सांगता येणार नाही." मी मान डोलावली. घरी आल्यावर ह्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि सांगून टाकलं, "आईची ज्योत घरात येऊ दे, घट बसू दे. मग कुठं न्यायचं तिथं न्या. त्याच्या आधी मी टेबलावर पडणार न्हाई." दवाखान्याची तारीख घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशीची होती. म्हणजे ज्योत आली नाही तर ही तारीखही पाण्यात जाणार होती.

मला राग आला, हे आधी सांगते. देव आहे की नाही या भानगडीत मी कधी पडले नाही. देवघर पुसते, फुलं वाहते, पुढचं ज्याचं त्यानं बघावं. सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत माझा जन्म गेला. बुन्सन बर्नर पेटवायचा आणि विझवायचा, एवढाच माझा अग्नीशी संबंध. आणि इथं एक शहाणासुरता माणूस, साखर कारखान्यात फिटर म्हणून हयात घालवलेला, दिव्याच्या वातीवर स्वतःचा जीव टांगून बसला होता. पण रात्रंदिवस शेजारी वावरल्यावर माणूस कशाला घाबरलाय ते कळतंच. हट्ट ज्योतीचा होता, भीती टेबलाची होती. ते त्यांना बोलता येत नव्हतं आणि मला विचारता येत नव्हतं.

ह्यांचं गाव विट्याच्या पलीकडं, कोरडवाहू माळावर. गावची देवी त्याच माळावर, एका छोट्याशा दगडी देवळात. घटस्थापनेच्या सकाळी गाभाऱ्यातल्या दिव्यावर ज्योत पेटवायची, घरी आणायची आणि तिच्यावरून घरातला नऊ दिवसांचा अखंड दिवा लावायचा, ही ह्यांच्या घरची पद्धत. त्याला दोन नेम. ज्योत इंजिनाच्या गाडीवर बसवायची नाही, माणसाच्या अंगबळानंच ती आली पाहिजे. आणि घरचा दिवा लागेपर्यंत वाटेत ती कुणालाही द्यायची नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना. तरुणपणी हे पळत यायचे. पुढं सायकल आली. गेल्या वर्षापर्यंत हे सांगलीहून गावी आणि गावाहून सांगलीला सायकलवरूनच ज्योत आणत होते. दीर आणि पुतणे सोनं-चांदी गाळायच्या गलाई धंद्यात लांब दक्षिणेत, गावच्या घरात एकट्या थोरल्या जाऊबाई. आमची मुलगी पुण्याहून आलेली, ती बापाजवळ बसणार. मग जाणार कोण? घरात उरले मी आणि ती सायकल.

त्या सायकलीबद्दल थोडं सांगायला हवं. निवृत्त झाल्यावर ह्यांनी हौसेनं घेतलेली, सगळी स्टीलची. जाड टायर, पुढं-मागं कॅरिअर, दोन्ही चाकांना मडगार्ड. घरी आली तेव्हा मी तिला म्हैस म्हटलं, आणि तेच नाव पडलं. ह्यांच्या मोबाइलवर असल्या सायकली असणाऱ्यांचा एक ग्रुप आहे. त्यात कोण गोव्याला जाऊन आला, कोण कोयनेचा घाट चढला, कोण रोज ऑफिसला जातो, याच्या गप्पा चालतात, आणि स्टील जड की ॲल्युमिनियम हलकं यावर माणसं जावयासारखी रुसतात. ह्यांना धाप लागायला लागली तशी म्हैस माझ्याकडे आली. कॉलेजला डबा घेऊन जायची, येताना भाजी, कधी गव्हाचं दळण, आणि रविवारी मुकाट्यानं सागरेश्वरच्या चढालाही लागायची. जड आहे खरी, पण एकदा चालायला लागली की खड्ड्यांतूनही अंग हलू देत नाही. माझं तिच्यावर प्रेम कधी बसलं ते मलाही कळलं नाही. मी ह्यांना ते कबूल केलं नव्हतं इतकंच.

आदल्या दिवशी मी गावी पोचले. जाऊबाईंनी माझे पाय गरम पाण्यात ठेवले आणि वर शिव्याही घातल्या. "आगं, ह्या वयात कुणी असं येतं व्हय? त्याला येड लागलंय, तुला पण लागलं काय?" सकाळी फटफटताना देवळात गेले. गुरवानं ज्योत पेटवून दिली. ह्यांनी स्वतः पत्र्याची आणि काचेची एक पेटी केलेली आहे. आत पितळी वाटी, गोडं तेल, जाड वात. ती पुढच्या कॅरिअरवर घट्ट बसवली, तेलाची बाटली आणि जाऊबाईंनी दिलेलं परडीचं सामान मागच्या पिशवीत कोंबलं आणि निघाले. देवीला नमस्कार केला, पण मागितलं काही नाही. खरं सांगायचं तर माझी मागायची हिंमत झाली नाही. मागावं आणि मिळू नये, त्यापेक्षा न मागितलेलं बरं, असा माझा स्वभाव.

विट्यापर्यंत सगळं झकास होतं. रात्री पावसाची सर येऊन गेलेली, रस्ता ओला, हवा गार. लोक वाट देत होते. कुणी हात जोडत होतं, कुणी "चांगभलं" म्हणत होतं. एका गावात पळत ज्योत नेणारी पोरं भेटली, माझ्याकडे बघून "मावशी, दमानं!" म्हणाली. मलाही जरा चढलंच असावं. मी उतारावर ब्रेक सोडले. आणि तासगावच्या अलीकडे, द्राक्षबागा सुरू होतात तिथं, एका खड्ड्यात म्हैस आपटली. कटकन आवाज झाला. पुढच्या कॅरिअरची दांडी चाकाच्या चिमट्याला जोडलेली असते तिथूनच तुटली आणि पेटी एका बाजूला लोंबायला लागली. वात फडफडली, पण जळत राहिली. मी एका हातानं पेटी पोटाशी धरली, दुसऱ्या हातानं सायकल ढकलत चालू लागले. काच तापलेली, हात भाजत होता. इतक्या लांबून सांगलीपर्यंत असं चालत जाणं शक्य नव्हतं. घरी दुपारच्या आत घट बसायचे होते, आणि भिंतीकडे तोंड करून बसलेला माणूस माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

थोडं पुढं रस्त्याला लागूनच एक वेल्डिंगचं दुकान होतं. बागेच्या मांडवाचे लोखंडी अँगल बाहेर रचलेले, मागं घर. सलीमभाई नावाचा मध्यमवयाचा माणूस काम करत होता. माझा अवतार बघून त्यानं हातातलं काम बाजूला ठेवलं. दांडी बघितली आणि म्हणाला, "लोखंडच हाय न्हवं ताई, काय काळजी करू नका. लगीच जोडून देतो. ती दिव्याची पेटी तेवढी ओट्यावर ठिवा, ठिणग्या उडतील." मी पेटी घराच्या ओट्यावर ठेवली आणि राखण करत शेजारी बसले.

आतून त्याची आई आली. वाकलेली, डोक्यावरून पदर, हातात सादळलेली काडीपेटी. माझ्याकडे बघितलं, पेटीकडे बघितलं. "देवीचा दिवा व्हय? लांबनं आली असशील." मग जरा थांबून म्हणाली, "बाय, जरा इस्तू देतीस का? सिलिंडर संपलाय. चुलीवर करावं म्हटलं, तर काडी पेटंना. सलीमला बिडीकाडीचं येसन न्हाई, दुकानात काय गावत न्हाई. तुझ्या ह्या दिव्यावर येवढी चिपाडाची काडी लावून घ्येते."

पूर्वी आमच्याकडेही शेजारणीला विस्तव देत. दारी आलेल्या बाईला विस्तव नाही म्हणायचं नाही, असं माझी आई सांगायची. पण इकडे ह्यांचा नेम होता, आणि तोही त्याच दिवशी मोडायचा ज्या दिवशी त्या नेमावर सगळं अडलेलं. विश्वास माझा नव्हता, पण धोका माझ्याच घराला होता. म्हातारी हातात चिपाड धरून उभी. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिला तिच्या घरच्यांसाठी चूल पेटवायची होती. मी काच वर केली. तिनं चिपाड वातीला लावलं, दुसऱ्या हाताचा आडोसा केला आणि आत गेली. मनात म्हटलं, झालं ते झालं, ह्यांना सांगायचं नाही.

वेल्डिंग चालू होतं. मी पेटीत बघितलं, तेल कमी वाटलं. पुढं थांबायला नको म्हणून बाटली काढली आणि ओतलं. घाईनं ओतलं. प्रयोगशाळेत पोरांना आयुष्यभर "हळू, हळू" म्हणणारी मी, माझा हात सुटला, वाटी काठोकाठ भरली आणि वात तेलात बुडाली. फस्स झालं. एक धुराची रेघ वर गेली आणि संपलं.

त्या क्षणी काय वाटलं ते लिहिता येत नाही. सगळा रस्ता, वारा, खड्डा, ह्या सगळ्यांतून जी जपली ती मी माझ्या हातानं बुडवली होती. तेवढ्यात अँगल न्यायला एक ट्रॅक्टरवाला आला आणि त्यानं बिडी शिलगावली. मी त्याच्या हातातल्या काडीपेटीकडे बघत राहिले. कुणाला कळणार होतं? आगीला काय नाव-गाव असतं? माझी शाळा, माझं विज्ञान सगळं हेच सांगत होतं. मी उठून त्याच्याकडून काडीपेटी मागून घेतली. काडी बाहेर काढली. ओढायचं धाडस होईना. ह्यांच्या तोंडाकडे बघून मला ते खोटं निभावता येणार नाही, हे मला माहीत होतं. ऑपरेशनला जाणाऱ्या माणसाला खोट्या दिव्याच्या उजेडात निरोप द्यायचा? आयुष्यात पहिल्यांदा मी मनातल्या मनात म्हटलं, आई, मला काही कळत नाही, आता तूच बघ.

म्हातारी चहाचा कप घेऊन बाहेर आली. "उपास असंल. पर च्या चालतोय न्हवं?" माझा चेहरा बघितला, पेटी बघितली. "आगं बया, इझला?" मी मान हलवली. ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जशी मीच वेडी आहे. "मग रडतीस कशाला? तुझा इस्तू माझ्या चुलीत हाय की! त्याच्यावरच तर हा च्या केलाय. ऊठ, ये आत."

मी तिच्या मागं गेले. परसात तीन दगडांची चूल ढणढणत होती. मी तेल काढून टाकलं, वात पिळली, नवी वात लावली. म्हातारीनं चुलीतलं एक चिपाड काढलं, माझ्या हातात दिलं आणि खालून आपला हात लावला. वात पेटली. तिनं दोन्ही हात कपाळाला लावले आणि तिच्या अल्लाचं नाव घेतलं. मी तिच्या पाया पडले. ती "न्हाई न्हाई" म्हणत मागं सरली. मग तो चहा प्याले. इतका गोड होता की एरवी मी तो पिऊ शकले नसते.

बाहेर दांडी जोडून तयार होती. सलीमभाईनं जोडावर हात फिरवून दाखवला, "आता हितनं न्हाई तुटायची." पुढचा रस्ता कसा संपला ते आठवत नाही. ऊन डोक्यावर यायच्या आत मी विश्रामबागेत घरी होते.

मुलीनं घटांची तयारी करून ठेवली होती. हे खुर्चीत बसले होते, अंघोळ करून, धोतर नेसून. मी पेटी खाली ठेवली. दिवा लावायच्या आधी मला ते बोलावंच लागलं. वाटेत ज्योत दुसऱ्या बाईला दिली. माझ्या हातानं ती विझली. एका मुसलमान म्हातारीच्या चुलीतून परत घेतली, त्याच चुलीवरचा चहाही प्याले. नेम मोडलाय. आता लावायचा की नाही, तुम्ही सांगा. मुलगी माझ्याकडे डोळे वटारून बघत होती, कशाला सांगितलंस म्हणून.

ह्यांनी वाकून काचेतून ज्योतीकडे बघितलं. मला वाटलं, गेली ही तारीखही. मग त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला. "म्हंजी," ते म्हणाले, "आई च्या पिऊन आली म्हण की." आणि हसले. किती महिन्यांनी हसले असतील! हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं आणि म्हणाले, "लाव दिवा. घरापर्यंत नुसती जपूनच आणायची असती, तर तिला कोण भेटलं असतं?" त्यांनीच फुलवात पुढं केली.

ऑपरेशन झालं. हे आता संध्याकाळी गल्लीच्या टोकापर्यंत चालून येतात आणि म्हैस नीट पुसली का, हे रोज विचारतात. मी कुणाला चमत्कार सांगत नाही. कॅरिअर स्टीलचं होतं म्हणून जोडलं गेलं, म्हातारीची काडीपेटी सादळलेली होती म्हणून तिनं विस्तव मागितला, एवढंच घडलं. पण त्या एवढ्याशा घडण्यापुढं माझं डोकं आता आपोआप वाकतं. मुठीत धरलेलं मी स्वतः बुडवलं. नको नको म्हणत सोडलेलं दुसऱ्याच्या चुलीत जळत राहिलं. आता मी मागते. मिळालं तर बरं, नाही मिळालं तर कुणाच्या तरी चुलीत असेल, असं म्हणते. त्या माउलीचे, तिच्या लेकाचे आणि माळावरच्या आईचे उपकार कसे फेडावेत मला कळत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

दवाखान्यात ऑपरेशनच्या सकाळी आत नेताना ह्यांनी सगळ्या वाटेत माझा हात घट्ट धरला होता, नखं रुतेपर्यंत. मोठ्या दाराशी नर्स म्हणाली, "ताई, इथपर्यंतच." तेवढ्यात ह्यांनी आपणहून बोटं सैल केली, माझा हात सोडला आणि तिला म्हणाले, "चला."