सामान बांधायचा पट्टा

आमचे हे गिरणीत साच्यावर कापड विणायचे. संपानंतर त्यांनी सुताला हात लावला नाही.

मग समोरच्या खोलीत परदेशातून एक कुर्दी बाई आली, नवऱ्याला परळच्या इस्पितळात दाखवायला. साखरेचा खडा दातात धरून कोरा चहा प्यायची. छातीवर हात ठेवून सांगायची, "हम जाफ." जाफ म्हणजे तिची जमात. मेंढरं घेऊन उन्हाळ्यात डोंगरावर जाणारी. त्यांचं सामान बायकांनी विणलेल्या लोकरी पट्ट्यानं बांधलं जायचं.

तसाच पट्टा तिनं गॅलरीच्या कठड्याला ताणून विणायला घेतला. "इससे सामान बांधेगा. दोनों घर जाएगा."

"गिरणी बंद पडली, आता चाळीत काढलंस काय गो?" शेजारची मावशी म्हणाली.

एकदा धागा तुटला. हे खाली बसले आणि गाठ मारली. तुटलेली जागा दिसेना. तिनं मान लववली. "वस्ता!" त्यांच्यात मोठ्या कारागिराला असं म्हणतात. त्या दिवसापासून हे रोज तिच्या पट्ट्याशी बसू लागले.

तिचा नवरा बरा झाला. पट्ट्यानं बांधलेलं बोचकं घेऊन स्वतःच्या पायांनी जिना उतरला. खाली पोचल्यावर तिनं जीभ हलवत असा आनंदाचा आवाज काढला की सगळी चाळ कठड्याशी आली. कधी मोठ्यानं न बोलणाऱ्या मीही वरून तसाच आवाज काढला.