मिशीवाली सवत

हॉस्पिटलात ह्यांनी माझ्याशी शेवटचं काय बोलावं? ‘सांभाळून राहा’ नाही, ‘वेळेवर जेव’ नाही… म्हणाले, ‘‘टेबलावरचे कागद आवरू नकोस गं, क्रम लागलाय.’’ आणि संध्याकाळी गेले. दीड महिना झाला. खरं सांगते, दुःखाच्या आधी मला अजून त्या वाक्याचा रागच येतो.

आमचे हे, वसंतराव, देवळाली कॅम्पात कारकून होते. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी बाजारातल्या रद्दीवाल्याकडे ह्यांना एक जाडजूड फ्रेंच पुस्तक मिळालं. एका जनरलची पत्रं. दोन महायुद्धांच्या मधली वर्षं तो मोरोक्को, सीरिया, इंडोचायना असा परमुलखातच नोकरी करत फिरला आणि दर रविवारी बायकोला पत्र लिहीत राहिला. ह्यांना फ्रेंचचा गंध नव्हता. पण शब्दकोश आणला, टपालानं धडे मागवले, आणि पुढची छत्तीस वर्षं जनरल आमच्या घरीच मुक्कामाला! त्याचं चरित्र मराठीत लिहायचं, एवढाच ध्यास. त्याचा फोटो टेबलासमोर भिंतीवर, माझा कपाटातल्या अल्बममध्ये. त्याचा रविवार त्याच्या बायकोसाठी, आणि माझ्या नवऱ्याचा रविवार त्याच्यासाठी. बाई असती तर झिंज्या तरी उपटल्या असत्या. ह्या मिशीवाल्या सवतीचं काय करणार? माझ्या बहिणीच्या लग्नात हे मांडवातून गायब झाले. सापडले कुठे, तर भटजींना सीरियातलं वाळवंट समजावत… मला कधी भंडारदऱ्याला नेलं नाही, पण दमास्कसच्या गल्ल्या मला तोंडपाठ आहेत.

दोन वर्षांपूर्वी लिखाण अडलं. शेवटचं प्रकरण, जनरल कायमचा घरी परततो. इथं पत्रंच नाहीत. घरी आलेला माणूस बायकोला पत्र कशाला लिहील? मी मेथी निवडत होते, तर हे जवळ येऊन बसले. क्वचितच बसायचे. मला बरं वाटलं, तेवढ्यात म्हणाले, ‘‘इतक्या वर्षांनी तो दारात उभा राहिला, तेव्हा बायको काय म्हणाली असेल गं?’’ माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ‘‘मला काय विचारता? विचारा की तुमच्या जनरलला!’’ हे उठून टेबलाशी गेले. पुन्हा कधी विचारलं नाही.

दहाव्याला रामकुंडावर पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. आमचा निखिल म्हणाला, ‘‘बाबा, आईला मी सांभाळीन.’’ नाही. मी म्हटलं, ‘‘माझी काळजी करू नका.’’ कावळे ढिम्म! जशी काही ती कुणी करतच होतं. ऊन चढलं. शेवटी माझे दीर हळूच म्हणाले, ‘‘वहिनी, जनरलचं बोला.’’ मी दातओठ खात म्हटलं, ‘‘बरं, पूर्ण करते तुमचं पुस्तक.’’ वाक्य संपायच्या आत कावळा पिंडावर! सगळे डोळे पुसता पुसता हसले. मी नाही हसले. भरल्या घाटावर माझी शोभा झाली होती.

ह्यांचं अक्षर माझ्याशिवाय कुणाला लागत नाही, म्हणून गेल्या आठवड्यात टेबलाशी बसले. कागद खरंच क्रमानं लावलेले. शेवटचं पान तेवढं कोरं. वर मथळा, ‘घरी’. आणि खाली कोपऱ्यात, पेन्सिलीनं: ‘हिला पुन्हा विचारणे. राग उतरल्यावर.’

दोन वर्षं माणूस माझा राग उतरायची वाट बघत होता… आणि मी मेलीनं तो उतरू दिला नाही.

काल त्या पानावर मी लिहिलं, ‘ती म्हणाली, हातपाय धुवा, वाढते.’ पेन ठेवलं आणि भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं. जनरलचा राग येईना. आता येतो तो त्याच्या बायकोचा. मेलीचं नशीब बघा! तिचा माणूस घरी आला.