चार चमचे साखर

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. माझी आई गेली, तिच्या उशाशी बसले होते, तेव्हा तिलाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जीभ थोडी सैल सोडते आहे.

सुनंदा माझी धाकटी जाऊ. लग्न होऊन सोनगीरला आली तेव्हा कामाला वाघ होती. पोर झाली, पिंकी, आणि वर्षभराने ते सुरू झालं — सकाळी घामाने डबडबायची, काहीतरी बरळायची, घरातली माणसं ओळखायची नाही. उपासाच्या दिवशी तर हमखास. कोणी म्हणे बाहेरचं आहे, कोणी म्हणे डोकं फिरलं. एकदा तिने पिंकीला पेटत्या शेगडीजवळ ठेवलं आणि विसरून गेली. त्या दिवसापासून पोर माझ्याकडे झोपू लागली. मला मूल नाही — हे आधीच सांगायला हवं होतं, नाही का?

तर, एका सकाळी घरात आम्ही दोघीच. ती भिंतीशी बोलत बसलेली. मी चहा केला, घाईत साखर जास्त पडली, चांगली चार चमचे. पितळी पेला तिच्या ओठांना लावला. दहा मिनिटांत ती माणसात आली. "अक्का, पिंकी कोठे शे?"

दुसऱ्या खेपेला मी मुद्दाम चार चमचे घातले. तिसऱ्यालाही. मला कळलं होतं.

आणि मग धुळ्याच्या डॉक्टरांनी विचारलं — सोबत मीच होते — "उपाशीपोटी होतं का? गोड खाल्लं की बरं वाटतं?"

काय बोलले मी? "नाही हो. केव्हाही होतं. आपोआप उतरतं." पिंकी माझ्या मांडीवर झोपली होती.

वेडाच्या गोळ्या सुरू झाल्या. सहा वर्षं. घरी मात्र मी तोच चहा पाजत राहिले. ती मरायला नको होती मला. बरीही व्हायला नको होती.

गेल्या वर्षी मी माहेरी, पहूरला गेले असताना ती पडली. दुसऱ्या दवाखान्यात रक्तातली साखर तपासली, ती जवळजवळ संपलेली. स्वादुपिंडात हरभऱ्याएवढी गाठ निघाली, तीच साखर पाडत होती. मुंबईला तोंडातून दुर्बीण घातली, जठरातून गाठीपर्यंत सुई नेली आणि सुईच्या टोकातल्या उष्णतेने गाठ जाळून टाकली. पोटावर एक टाका नाही. चार दिवसांत ती घरी आली. एवढंच होतं ते — एवढंच!

आता ती गल्लीभर सांगते, "अक्का व्हती म्हनून मी शे." मी खाली बघते. बायकांना वाटतं, किती साधी आहे ही.

परवा पिंकी शाळेतून आली. "माय!" दारातूनच ओरडली. सुनंदा दारापुढच्या ओट्यावर गहू निवडत बसली होती. मान वर न करता तिने सांगितलं, "तुनी माय घरमा शे."

मी आतून ओ दिली.