पाण्यातून वर आलेली फार्गो

टेपवाडीच्या हौशीरामाने पंधराएक वर्षं गाडी चालवली, पण ती त्याची नव्हती. गाडी धर्माजी शेठची. जुनी फार्गो पिकप, पुढून गोल नाकाची, मागे लाकडी फळ्यांचा हौदा. धर्माजी शेठ डोंगरातल्या वाड्यांवरून हिरडा विकत घ्यायचा आणि हौशीराम तो भरून जुन्नरला पोचवायचा. जाताना हिरड्याची पोती, येताना मीठ-मिरची, पत्रे, कधी एखादी नवरी. त्या खोऱ्यातल्या सगळ्यांना फार्गोचा आवाज ओळखता यायचा.

मग धरण झालं. गाव पाण्याखाली जाणार हे बरीच वर्षं नुसतं बोललं जात होतं, आणि एका उन्हाळ्यात खरोखरच घरं उतरवायची वेळ आली. लोकांनी कौलं काढली, वासे काढले, दारं-चौकटी डोक्यावरून वर नेल्या. धर्माजी शेठने धंदा आवरला आणि तो मंचरला राहायला गेला. फार्गोचा गिअरबॉक्स त्याच सुमाराला गेला होता. भंगारवाला येऊन नेईल म्हणून शेठने ती गोदामामागे तशीच सोडली. भंगारवाला यायच्या आत पाणी आलं.

हौशीराम बायकोला, सारजाबाईला घेऊन डोंगराच्या टेपावर, वरच्या उंचवट्यावर चढला. तिथे वीस-बावीस घरांची नवी वस्ती झाली, तिलाच टेपवाडी म्हणायला लागले. डोंगरउताराची वरकस जमीन हाती राहिली, गेला तो रस्ता. जुना रस्ता पाण्याखाली आणि नवा म्हणजे डोंगराच्या कडेने खरवडलेली एक वाट. सुरुवातीला घोडेगावचे जीपवाले एकदोनदा आले. दगडांवर गाडीचं पोट घासलं, तसे ते यायचे बंद झाले.

दुसऱ्या पावसाळ्यात सारजाबाई बांधावरून घसरली आणि तिचा पाय मोडला. चौघांनी तिला घोंगडीच्या झोळीत घातलं आणि डांबरी सडकेपर्यंत नेलं. पाऊस असा, की झोळी धरणाऱ्यांना एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. दर वळणाला खांदे बदलायचे, दर खांदेपालटाला ती ओरडायची. दवाखान्यात पोचेपर्यंत फार उशीर झाला होता. हाड जुळलं ते वाकडंच. सारजाबाई त्याबद्दल पुढे कधी बोलली नाही. हौशीरामाच्या कानातून मात्र ते ओरडणं जाईना.

पुढच्या उन्हाळ्यात, शहाण्णव साली, धरणाचं पाणी खूप उतरलं. एके दिवशी दोघं शेताच्या कडेला उभी असताना त्याला खाली चिखलात काहीतरी गोल दिसलं.

"ती बघ," तो म्हणाला.

"काय?"

"फार्गो. केबिनचा टप दिसतोय."

"दिसू द्या की."

"ती ह्या रस्त्यानं चढंल, सारजे. तिच्या स्प्रिंगचे पाटे लई जाड, आन् पोट उंच हाय."

"तिच्या पोटात आता मासं असत्याल," सारजाबाई म्हणाली. पण तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो अजून खाली चिखलाकडेच बघत होता. हा माणूस असा बघत राहिला की ती गोष्ट करूनच थांबतो, हे तिला माहीत होतं.

हौशीराम मंचरला गेला. धर्माजी शेठने कपाटातून गाडीचे कागद काढून दिले आणि तो हसला. "घेऊन जा बाबा. माझ्या लेखी ती तवाच बुडाली. पण हौशीराम, लोकं गाळ उपसून शेतात टाकत्यात, तू त्यातनं लोखंड काढाया निघालास."

गाडी काढणं सोपं नव्हतं. चाकं आसापर्यंत गाळात रुतलेली. वाडीतल्या माणसांनी आधी चेष्टा केली आणि मग फावडी घेऊन आले, कारण हौशीराम एकटाच खणत होता आणि ते बघवत नव्हतं. चाकांपुढे दगड रचून वाट केली. बैलांच्या जोड्या लावल्या. दोनदा ओढायचा सोल तुटला, बैल गुडघ्यांवर आले. शेवटी पलीकडच्या गावचा ट्रॅक्टर कडेपर्यंत आणला, तारेचा दोर बांधला, तेव्हा कुठे फार्गो एकदम सुटली आणि गाळाचा मोठा आवाज करत बाहेर आली. दारांतून पाणी गळत होतं. एका बाजूची काच शाबूत होती.

तिला ओढत जुन्नरला नेलं ते अमजद मिस्त्रीच्या गॅरेजात. लेण्याद्रीकडे जाणाऱ्या रस्त्यावर पत्र्याची शेड, पुढे लिंबाचं झाड. या फार्गोची दुखणी अमजदने पूर्वी पुष्कळदा काढली होती. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, खाली वाकून इंजिनचा ऑइलचा बोल्ट सैल केला. आधी पाणी आलं, मग काळा रेंदा, आणि त्याच्या मागून एक छोटा खेकडा बाहेर पडून शेडच्या कडेला चालता झाला.

"हे इंजिन न्हाई राहिलं, हौशीराम," अमजद म्हणाला. "माठ झालाय याचा."

"दुसरं बसवू."

"कुठलं?"

"ते तुमी सांगा, भाई. मी चालवणारा. बसवणारे तुमी."

अमजदने बोल्ट पुन्हा बसवला, हात फडक्याला पुसले. मग त्याने विचारलं, "तुला ही दारात उभी करून मिरवायला पायजे, का चालवायला?"

"रोज चालवायला. सकाळी वाडीतनं घोडेगावला, संध्याकाळी माघारी. बारा महिने."

ठरलं ते असं, की हौशीरामाने गॅरेजात अमजदच्या हाताखाली राबायचं आणि त्याच्या बदल्यात अमजदने फार्गो उभी करायची. शेतीचं सारजाबाईने अंगावर घेतलं. हौशीराम गॅरेजातच राहिला. दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्यांचे नट सोडवायचे आणि हात मोकळा झाला की फार्गोकडे वळायचं. त्याने केबिनच्या पत्र्यावरचा गंज कानशीने आणि पॉलिश पेपरने घासून काढला. सडलेला तळ कापून नवा पत्रा वेल्ड करून घेतला. हौद्याच्या फळ्या कुजून गेल्या होत्या, तिथे बाभळीच्या बसवल्या. चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, मात्र जशीच्या तशी होती. अमजदने तिच्यावर हातोडा मारला, आवाज ऐकला आणि मान हलवली.

आळेफाट्याला एक टेम्पो उलटला होता. त्याचं डिझेल इंजिन गिअरबॉक्ससकट मिळालं. ते फार्गोत सरळ बसेना. अमजदने ते टेकवायला नवे पाये तयार केले, मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट लेथवर कापून आखूड करून घेतला. सत्त्याण्णवच्या होळीला इंजिन पहिल्यांदा सुरू झालं. शेडमध्ये इतका धूर झाला की दोघं खोकत बाहेर आले आणि लिंबाखाली उभे राहून नुसते हसत राहिले.

दुसऱ्या दिवशी चाचणी घेतली. हौशीराम चालवायला, अमजद शेजारी. चढ तिने झक्कास काढला. परत येताना उतारावर समोर गुरांचा कळप आडवा आला. हौशीरामाने ब्रेक दाबला आणि पायाखालचा पेडल एकदम तळाला गेला. त्याने गिअर खाली टाकला, हँडब्रेक ओढला, तरी गाडी थांबेना. मग त्याने स्टिअरिंग डावीकडे तोडून फार्गो शेताच्या बांधात घातली.

गुरं वाचली. रेडिएटर फुटला. अमजदचं कपाळ काचेवर आपटलं आणि भुवईवरून रक्त वाहायला लागलं.

टाके घालून परत आल्यावर अमजद शेडच्या दारात बसला आणि शांतपणे म्हणाला, "बास झालं, भाऊ. ही पाण्यानं मागितली व्हती. पाण्याला देऊन टाक."

 सकाळी हौशीराम शेडमध्ये ओढून आणलेल्या गाडीखाली शिरला. ब्रेकचे पाईप वरून चांगले दिसत होते, रंग मारल्यावर तर नव्यासारखे. एक पाईप त्याने हाताने वाकवला, तर तो वाळल्या काटकीसारखा मोडला. आतून गंजाने खाल्ला होता. वरून बघून 'चालतंय' असं त्यानेच म्हटलं होतं.

तो मोडका पाईप हातात घेऊन तो बराच वेळ गाडीखाली पडून राहिला. या गाडीत सारजाबाई बसणार होती. वाडीतली म्हातारी माणसं, पोटुशा बाया बसणार होत्या, आणि एका बाजूला धरण. गाडी चालू होणं वेगळं आणि रोज माणसं घेऊन चालणं वेगळं, हे त्याला त्या दिवशी कळलं.

बाहेर येऊन त्याने मनाशी ठरवलं, की पाण्यात राहिलेली एकही वस्तू उघडून बघितल्याशिवाय गाडीत ठेवायची नाही. त्याने चारही चाकं उतरवली. ड्रम काढले. स्टिअरिंगची पेटी सोडवली, पाटे एकेक करून वेगळे केले, सगळी वायर ओढून काढली. जी गाडी उभी करायला वर्ष लागलं, ती त्याने आठवड्यात पुन्हा जमिनीवर पसरली. अमजद डोक्याला पट्टी बांधून दुसऱ्या गाड्यांची कामं करत होता. त्याच्याशी बोलत नव्हता. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो उठला, हौशीरामाच्या हातातला पाना घेतला आणि म्हणाला, "पाट्याचा बोल्ट असा न्हाई सुटायचा. सरक."

पुन्हा सहा-सात महिने गेले. त्यानंतर ब्रेक इतके पक्के झाले की अमजद ती मुद्दाम उतारावर नेऊन उभी करायचा आणि खाली उतरून चहा प्यायचा. आरटीओच्या साहेबाने इंजिन बदलल्याचे कागद अपुरे म्हणून एकदा परत पाठवलं. दुसऱ्या वेळी त्याने स्वतः बसून गाडी चढावर थांबवायला लावली, पुन्हा उचलायला लावली, आणि पास केली.

अठ्ठ्याण्णवच्या संक्रांतीनंतर फार्गो टेपवाडीला आली. तिचं पोट कुठल्याच दगडाला लागलं नाही. लोक जमले, सारजाबाईने चाकांवर पाणी घातलं, नारळ फुटला. हौशीरामाने सांगितलं, "उद्यापास्नं रोज सकाळी घोडेगाव. ज्याला यायचंय त्यानं या."

सकाळी एकटी सारजाबाई पुढे येऊन बसली. बाकी कोणीच आलं नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. हळूहळू बोलणं कानावर आलं. जिथे गाडी बुडाली होती, त्याच्या शेजारी जुन्या गावचं मसणवट होतं. तिथलं पाणी प्यालेल्या गाडीत बसायचं कसं? जी वर आली ती एकटी कशावरून आली?

"ऱ्हाऊ द्या मग," सारजाबाई वैतागून म्हणाली. "चालत जाऊ द्या त्यांना."

"मी सांगितलंय रोज जाणार," हौशीराम म्हणाला. "बसू देत न्हाईतर न बसू देत."

तो रोज निघायचा. रिकामा हौदा खडखडत घोडेगावला जायचा, संध्याकाळी तसाच परत यायचा. डोक्यावर ओझं घेऊन चालणारी माणसं कडेला सरकून त्याला वाट द्यायची आणि दुसरीकडे बघायची. तो गाडी हळू करायचा, कोणी हात केला नाही की पुढे जायचा. रागाने हॉर्न त्याने एकदाही वाजवला नाही.

पंधरवड्याने भागू म्हातारी हिरड्याचं पोतं घेऊन वळणावर बसलेली दिसली. तिला धाप लागली होती. तिने हात केला.

"चढवा ते पोतं," ती म्हणाली. "आन् मलाबी."

मागून येणाऱ्या बाईने तिला अडवलं. "आवो, त्या गाडीत बसता? पाण्याखालची हाय ती."

भागू म्हातारी हौद्याच्या फळीला धरून उभी राहिली. "आन् मी कुठली गं? माझा चुलीचा दगूड, मसणात जाळलेला माझा दाल्ला, समदं त्याच पाण्याखाली हाय. मी नाय का वर आली? मग माझ्यासंगंबी बसू नगा."

हौशीराम खाली उतरला. म्हातारीला वर घेतलं, पोतं घेतलं. थोडं पुढे गेल्यावर ती अडवणारी बाईच पळत आली आणि मागे चढली. महिन्याभरात हौद्यात उभं राहायला जागा मिळेनाशी झाली.

पुढे फार्गोने काय काय वाहिलं याला गणती नाही. दुधाचे कॅन, शेरडं, शाळेच्या छपराचे पत्रे, कॉलेजला जाणाऱ्या मुली, एकदा आख्खी पिठाची गिरणी. बाळंतिणी गेल्या आणि बाळं घेऊन परत आल्या. पावसाळ्यात दरड आली तर हौशीराम खाली उतरायचा, बसणारेही उतरायचे, दगड बाजूला व्हायचे आणि गाडी पुढे निघायची. दर मे महिन्यात तो तिला जुन्नरला न्यायचा. मग अमजद आणि तो मिळून तिला पुन्हा एकदा उघडायचे.

दोन हजार सहा साली हौशीरामाच्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी गाडीला हात लावायचा नाही म्हणून बजावलं. तो घरी पट्टी बांधून पडला. सकाळ झाली की तळमळायचा. "लोकं वळणावर बसली असत्याल," एवढंच त्याचं चालायचं.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला फार्गो सुरू झाल्याचा आवाज आला. तो धडपडत उठला.

"कोण हाय? कोणी हात लावला?"

"पडून ऱ्हावा," सारजाबाई म्हणाली. "अमजदभाई आल्यात. मीच सांगावा धाडला व्हता. ते ऱ्हाणार हायती तुमची पट्टी निघंस्तवर."

हौशीराम खाटेवर बसून राहिला. गाडी वळणाला थांबल्याचं, माणसं चढल्याचं, पुन्हा निघाल्याचं त्याने कानांनी ऐकलं. संध्याकाळी अमजद आत आला, माठातलं पाणी घेऊन प्याला आणि त्याच्या खाटेच्या कडेला टेकला.

"दुसऱ्या गिअरला जरा ओरडती," तो म्हणाला. "तुझा डोळा बरा झाला की खोलू."