मोटर गप्प आहे

गोदीत त्याला सगळे ‘कान’ म्हणत. खरं नाव बायकोला ठाऊक होतं, पण तीही ते फक्त रागावल्यावर काढायची. काम ऐकायला सोपं. पाणबुडीची मोटर चाचणीच्या शेडमध्ये फिरायला लागली की लाकडी दांडीचं एक टोक बेअरिंगवर टेकवायचं, दुसरं कानामागच्या हाडाला लावायचं आणि ऐकायचं. पाण्याखाली डिझेल इंजिन बंद असतं. बॅटरीच्या जोरावर ही एकटी मोटर बोट पुढे नेते. ती नुसती कुजबुजली तरी शत्रूला पत्ता लागतो. म्हणून कान ‘गप्प आहे’ म्हणाला, त्याने तिच्यावर खडूने गोल काढला, की मगच ती बोटीत चढायची. मोजमापाची यंत्रं होतीच, पण शेवटचा शब्द त्याचा. अशी रीतच पडली होती, आणि खरं सांगायचं तर तिची थोडी हवा त्याच्या डोक्यातही गेली होती.

जुन्या मोटरी धिप्पाड, घोगऱ्या. खोट असली की सरळ खरखरायच्या. मग नवी आली: निम्म्या आकाराची, कार्बनचे ब्रश नसलेली, आत कायमचे चुंबक बसवलेली. तेवढ्याच बॅटरीत बोट जास्त वेळ खाली राहणार होती. तिच्यापायी डिझाइनवाल्या बाईंनी रक्ताचं पाणी केलं होतं. त्यांच्या यंत्राच्या पडद्यावर एक बारीक रेघ दिसत होती, खूप वरच्या सुरातली. ही शिट्टी आहे, असं बाईंचं म्हणणं. शेडचे साहेब म्हणत होते, वायरिंगचा गोंधळ असेल. वाद मिटेना, तेव्हा साहेबांनी कानाला हाक मारली. त्याने दांडी टेकवली, डोळे मिटले. काही म्हणजे काही नाही. ‘गप्प आहे,’ म्हणाला आणि ऐटीत गोल काढला. बाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि पडदा बंद केला.

त्याच आठवड्यातली गोष्ट. तो स्वयंपाकघरात पेपर वाचत बसला होता. बायको गच्चीवरून कपडे घेऊन आली ती तणतणतच. फ्रिजचं दार उघडं, तो केव्हाचा पी पी करतोय, जिन्यापर्यंत ऐकू येतंय आणि तुम्ही ढिम्म, कानात बोळे घातलेत का? त्याने दाराला हात लावला, पण ते बंद केलं नाही. कान आत घातला, अगदी दुधाच्या पातेल्यापर्यंत. बायको हसत सुटली. फ्रिज ओरडत होता आणि त्याला ढिम्म ऐकू येत नव्हतं. घड्याळाची टकटक, बायकोचं हसणं, सगळं येत होतं. बारीक, वरचा सूर तेवढा गेला होता.

त्याने दार लावलं. म्हणजे बाईंची ती शिट्टी खरी होती. मोटर गप्प नव्हती!

सकाळी जाऊन सांगायचं, असं त्याने ठरवलं. पण शेडमध्ये पाऊल टाकलं आणि क्रेनवाल्यापासून चहावाल्यापर्यंत सगळे ‘या, कान!’ म्हणाले, आणि तो दांडी उचलून कामाला लागला. जन्मभर एकच गोष्ट कमावली होती, ती आज कशी टाकायची? उद्या सांगू. त्या उद्याला काही अंतच राहिला नाही. मोटर बोटीत उतरली. वरचा पोलादी पत्रा बसला. वेल्डर वाकून काम करत होता आणि हा भला माणूस ठिणग्यांकडे बघत उभा राहिला. तेव्हाही तोंड उघडलं नाही. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते त्याला तिथे कळलं.

पहिल्या बुडीच्या आदल्या दिवशी जावई जेवायला आला. तो त्याच बोटीच्या मोटर-रूममध्ये होता. लेक म्हणाली, हे असे खाली जातात आणि माझा जीव टांगणीला लागतो. जावयाने हसून सासऱ्याकडे बोट दाखवलं.

“मला तर मोटरपाशी डुलकी लागते. बाबांचा गोल आहे ना तिच्यावर.”

लेकीनेही मान डोलावली आणि बापाच्या ताटात वाढायला वाकली. त्याने ताटावर हात आडवा धरला.

“ती मोटर वाजतेय,” तो म्हणाला. “मला ऐकू येत नाही. महिना होत आला, मला माहीत आहे.”

लेक तशीच वाकून राहिली. जावई जेवता जेवता थांबला होता. “पत्रा बंद व्हायच्या आधी माहीत होतं?” त्याने हळूच विचारलं. कान ‘हो’ म्हणाला. जावई उठला आणि हात धुऊन त्याने सासऱ्याची चप्पल दारात सरळ करून ठेवली. दोघे तडक साहेबांच्या घरी गेले.

साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. बुडी रद्द झाली. बाईंनी बोटीतच पुन्हा मोजलं, रेघ होतीच. आता पत्रा कापायचा, मोटर बाहेर काढायची, महिन्यांची मेहनत मातीत. सगळी गोदी बोटीभोवती जमली. साहेबांनी त्याच्या हातात खडू दिला.

“कुठे कापायचं, त्याची खूण तुम्हीच करा.”

तो बोटीच्या पाठीवर चढला. ताज्या वेल्डिंगवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेघ ओढली. ती वाकडी होऊ दिली नाही. शेजारी तोच वेल्डर कापायची बत्ती घेऊन उभा होता. तो तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला. कदाचित शिवी असेल.

“ऐकू आलं नाही रे,” कान म्हणाला. “परत सांग.”